परिषदेसाठी वऱ्हाडात येताना

अमरावतीच्या परिषदेला येणारे पाहुणे तिकीट काढताना ‘अमरावती’ एवढंच शोधतात आणि गाड्या कमी दिसल्या की महागडी टॅक्सी ठरवतात. त्याची गरज नाही. मुंबई-नागपूर-हावडा हा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो. अमरावती स्थानक तिथून फुटलेल्या छोट्या फाट्याच्या टोकाला आहे. म्हणून बडनेऱ्यापर्यंतचं तिकीट बघा, गाड्या भरपूर मिळतील. बडनेरा ते शहर अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. शेअर ऑटोत एका सीटचे पैसे देऊन राजापेठेत उतरता येतं. मुंबईकरांना मात्र रात्रीची अमरावती एक्सप्रेस सर्वांत सोयीची, कारण ती थेट शहरात आणून सोडते. एप्रिल २०२५पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवाही आहे, पण स्वस्तात यायचं तर रेल्वेच.

परिषद संत गाडगे बाबा विद्यापीठात असेल, तर ते तपोवनच्या बाजूला, अमरावती स्टेशनापासून लांब आहे. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. निवासासाठी आयोजकांना विद्यापीठाच्या अतिथिगृहाबद्दल आधीच विचारा.

कार्यक्रम अकोल्यात असेल, तर येणं आणखी सोपं. ते मुख्य मार्गावरचंच जंक्शन, नांदेडकडच्या लोकांना पूर्णा-हिंगोली-वाशिममार्गे थेट रेल्वे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या कार्यक्रमासाठी इथेच उतरायचं. दोन्ही शहरांत काम असेल तर एसटी घ्या: महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि उन्हाळ्यात येत असाल, तर दुपारचा प्रवास कृपा करून टाळा.