चिलापीचे दिवाणखान्यातले भाऊबंद

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून १९६८ साली येलदरीचं धरण पूर्ण झालं. अशा जलाशयात रोहू-कटला टिकवायचे तर बोटुकली पुन्हा पुन्हा सोडावी लागते, कारण हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. त्यांना तळ्यात वीण द्यायला लावण्यासाठी हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचण्याची युक्ती यशस्वी केली. चिलापीला यातलं काहीच लागत नाही. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा. नर उथळ तळाशी ताटासारखा गोल खळगा करतो, मादी त्यात अंडी देते आणि लगेच ती तोंडात भरून घेते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती जवळजवळ उपाशीच राहते. महाराष्ट्रातल्या इतक्या धरणांत चिलापी का माजली, याचं मोठं उत्तर त्या तोंडात आहे.

दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत ऐटीत फिरणारा ऑस्कर याच कुळातला, म्हणजे सिक्लिड. डोक्यावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्नही तसाच. तो मात्र निसर्गातला नाही, १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला. त्याचे बरेच नर नापीक निघतात. त्यामुळे घरी वीण पाहायची असेल तर मी ऑस्करच सुचवेन.

ऑस्कर दोन-तीन इंचांचा असताना विकला जातो आणि फूटभर होतो, हे घेताना ध्यानात येत नाही. दोन फुटी टाकी त्याला पुरत नाही. जोडीला किमान चारशे लिटर पाणी हवं. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यायची. वर्ष-सव्वा वर्षात दोघं एकमेकांचे जबडे धरून ओढाताण करू लागतात. पाहणाऱ्याला ते भांडण वाटतं. खरं तर ती पारख असते. त्या ताकदीला जो टिकतो, तोच पुढे पिल्लांची राखण करील.

मग एखादा सपाट दगड निवडून दोघंही तो तोंडाने घासून घासून स्वच्छ करतात. मादी रांगेने अंडी चिकटवत जाते आणि नर मागोमाग ती फळवत जातो. हजारभर अंडी सहज होतात. त्यानंतरचे तीन दिवस खरोखर पाहण्यासारखे असतात. आईबाप आळीपाळीने पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी फिरवत राहतात आणि पांढरी पडलेली, न फळलेली अंडी वेचून काढतात, नाहीतर त्यांवरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. अंड्यांतून निघालेल्या, शेपट्या वळवळणाऱ्या पिल्लांना ते तोंडात घेऊन वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. पोटाशी असलेल्या बलकावर पिल्लांचे काही दिवस निघतात. ती पोहू लागली की त्यांना नुकताच उबवलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, द्यायचा.

पहिल्या खेपेला बरेचदा आईबापच अंडी खाऊन टाकतात. धीर सोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या विणीत ते शिकतात.

आपल्याकडे खरी परीक्षा पाण्याची असते. काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बरेचदा जड आणि अल्कधर्मी असतं. भांड्याच्या बुडाला बसणारा पांढरा थर ही त्याची खूण. मलावी, टांगानिका या आफ्रिकी सरोवरांतल्या सिक्लिडना ते मानवतं, आणि ॲमेझॉनकडचा ऑस्करही हळूहळू सवय करून दिली तर सहसा जुळवून घेतो. मात्र माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया अशा पाण्यात फार जहरी होतो. सामू सातावरून आठावर गेला की त्याचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. गाळणीत वाढलेले जिवाणू तो पचवतात, पण नवी गाळणी तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी मोठे मासे सोडणं म्हणजे त्यांना विषात सोडणं. त्यात परभणीचा मे महिना. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. दुपारी वीज गेली की पंप बंद, गाळणीही बंद. बॅटरीवरचा हवेचा पंप नसेल तर उन्हाळ्यात वीण घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वीण साधली की पिल्लांचा प्रश्न उभा राहतो. दुकानदार पन्नास घेईल, मित्र दहा नेतील; बाकीची महिन्याला इंचभर वाढत राहतात. ती पूर्णेत किंवा येलदरीच्या पाण्यात कधीही सोडू नयेत. पिल्लांची अशी राखण करणारा, मिळेल ते खाणारा परका मासा काय करू शकतो, हे चिलापीने दाखवून दिलं आहे. वीण होऊच नये म्हणून दगड काढून ठेवूनही उपयोग नाही, ऑस्कर टाकीच्या काचेवरही अंडी घालतात. त्यापेक्षा अंडी वेगळी काढून वाढवू नयेत, मोठ्या टाकीतच राहू द्यावीत. आईबाप राखण करतील, बाकीचे मासे डल्ला मारतील, आणि शेवटी उरतील ती मोजकी पिल्लं सांभाळायची.