परसबागेतील पक्षी, फुले आणि कॅमेरा

पक्षी-छायाचित्रणाचा छंद म्हटला की अभयारण्ये, दुर्मीळ पक्षी आणि महागडी उपकरणे यांचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः या छंदाचा श्रीगणेशा करावयास घरामागील परसबाग, किंबहुना शेवग्याचे एक झाड आणि जास्वंदीची दोन झुडुपेही पुरेशी आहेत. ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, तो अलिबागजवळील किहीम येथील मुक्कामात. नर घरटे अर्धवट विणतो, मादी पाहणी करून ते पसंत करते आणि तिचे बस्तान बसल्यावर नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी चिकाटीच्या निरीक्षणातून उलगडून दाखविले. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाहण्याची ही संधी परसबाग आपणा सर्वांना देते.

खिडकी हाच आडोसा

पक्षी माणसाच्या हालचालीला बिचकतात. खिडकीला मात्र ते लवकर सरावतात. खिडकीपासून चार-पाच मीटर अंतरावर, झाडाच्या सावलीत मातीचे उथळ परळ ठेवावे. त्यातील पाणी रोज बदलावे. शेजारी एखादी वाळकी फांदी रोवली की पाण्यावर उतरण्यापूर्वी बुलबुल, दयाळ वा साळुंकी तीवर क्षणभर विसावतात. तोच छायाचित्राचा क्षण होय. फांदीमागील झाडी जितकी दूर, तितकी चित्राची पार्श्वभूमी मऊ आणि स्वच्छ येते.

सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन-दोन तास उत्तम. दुपारच्या उन्हात सावल्या गडद पडतात आणि पिसांचे रंग फिके भासतात. कॅमेऱ्याचा रोख पक्ष्याच्या डोळ्यावर असावा. डोळा सुस्पष्ट असला की चित्र जिवंत वाटते. बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग इतका शटरवेग बहुधा पुरतो. फुलाफुलांतून भिरभिरणाऱ्या शिंजिरासाठी मात्र तो हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो. तीनशे मिलिमीटरचे भिंग सोयीचे खरे. पण ते नसल्यास मोबाईलवर फुलांपासून आरंभ करण्यास हरकत नाही.

फुलांचे वेळापत्रक

फूल उडून जात नाही, परंतु तेही थांबत नाही. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे त्याचा सडा पडतो. तो देठासह फांदीवर टिपावयाचा तर झुंजुमुंजू होताच अंगणात उतरावयास हवे. आपले राज्यपुष्प ताम्हण उन्हाळ्यात बहरते. त्याच्या चुणीदार जांभळ्या पाकळ्यांचा पोत कोवळ्या, तिरप्या उजेडातच खुलतो. वाऱ्याने फूल हलत असेल तर एका बाजूस पुठ्ठा आडवा धरावा. दुसऱ्या बाजूस पांढरा कागद धरल्यास सावलीतील भाग उजळतो. फुलामागे काळे कापड टांगले की पार्श्वभूमीची गर्दीही नाहीशी होते. यासाठी फूल तोडण्याचे कारण पडत नाही.

एका चुकीचा धडा

या छंदाची सुरुवातीची वर्षे आठवताना प्रस्तुत लेखकास एका प्रसंगाची आजही खंत वाटते. परसातील अंजिराच्या झाडावर शिंपी पक्ष्याने दोन पाने शिवून घरटे केले होते. त्यात पिले होती. वरच्या एका रुंद पानामुळे घरट्यावर उजेड पडत नव्हता, म्हणून सुतळीने ते पान मागे बांधले. छायाचित्रे अप्रतिम आली. तासाभराने पान सोडावयास गेलो, तेव्हा घरटे फाटलेले होते आणि कुंपणावर कावळा बसला होता. नर-मादी दिवस मावळेपर्यंत त्या झाडाभोवती ओरडत फिरत होती. ती छायाचित्रे पुढे कोणास दाखविण्याचे धाडस झाले नाही.

ज्या पानाला आपण अडथळा समजतो, ते पिलांचे छप्पर असते. म्हणून घरटे दिसताच कॅमेरा आवरावा, आडोशाच्या पानाफांद्यांना हात लावू नये, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास बोलावू नये आणि प्रकाशझोत टाळावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या संज्ञेत पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का पोहोचविणे हेही समाविष्ट केले आहे. मात्र कायद्याच्या धाकापेक्षा पक्ष्याविषयीचा जिव्हाळा हाच खरा लगाम होय.

छायाचित्र म्हणजे नोंद

छत्तीस चित्रांच्या रोलचा खर्च आज राहिलेला नाही, आणि प्रत्येक चित्रासोबत दिनांक व वेळ आपोआप नोंदली जाते. विणीच्या हंगामात झळाळणारा जांभळ्या शिंजिराचा नर, हंगाम सरल्यावर मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंतचा काळा पट्टा तेवढा उरतो. हे वेगळे पक्षी नसून एकाच पक्ष्याचे दोन वेष आहेत, ही गोष्ट वर्षभराची छायाचित्रे दिनांकवार लावली असता ध्यानी येते. कोणते झाड केव्हा फुलले आणि त्यावर कोण आले, हेही अशा संग्रहातून कळते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली आणि २०१३ पासून भारतातही होणारी, फेब्रुवारीतील चार दिवसांची परसातील पक्षिगणना सामान्य नागरिकांच्या अशाच नोंदींवर उभी आहे. विद्यार्थी, गृहिणी, सेवानिवृत्त मंडळी, कोणीही तीत सहभागी होऊ शकतो.

तात्पर्य, परसबागेत कॅमेरा घेऊन बसणाऱ्याने प्रथम शेजारी व्हावे, मग छायाचित्रकार. एखादा क्षण हुकला तरी शिंजीर उद्या पुन्हा जास्वंदीवर येईल. त्याला निर्धास्तपणे येता यावे, एवढी काळजी मात्र आपण घ्यावयास हवी.