नवोदयची परीक्षा आणि दहा वर्षांचे मन

शेलूबाजारसारख्या गावात पाचवीच्या मुलांपुढची पहिली मोठी प्रवेश परीक्षा म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी होय. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या या निवासी विद्यालयांत सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 जागा असतात, त्यांतील किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात, आणि ही परीक्षा एकदाच देता येत असल्याने मुलावरचे दडपण वाढते. दोन तासांत 80 प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतील निम्मे बौद्धिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्या पाहून त्यांतील संगती ओळखण्याचे, आणि उरलेले अंकगणित व भाषेचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, हे मुलाला स्पष्ट सांगितले तर अडलेल्या प्रश्नाची धास्ती बरीच ओसरते.

उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने गोल भरायचा असतो आणि एकदा भरलेले उत्तर बदलता येत नाही. वर्षभर पेन्सिल आणि खोडरबर वापरणाऱ्या हाताला हेच अधिक जड जाते, म्हणून साध्या कागदावर गोल आखून ते पेनने भरण्याचा सराव घरी आठवडाभर तरी व्हावा.

पोट दुखणे, झोप न लागणे, चिडचिड ही ताणाची लक्षणे होत. त्यांना अभ्यास टाळण्याची सबब मानणे अन्यायाचे आहे. निवड म्हणजे घर सोडून वसतिगृहात राहणे, आणि पुष्कळदा मुलाला भीती पेपरची नसून आईपासून दूर जाण्याची असते, तेव्हा त्याविषयी त्याच्याशी परीक्षेआधीच मोकळेपणाने बोलावे.