गॉडझिला आणि वालधुनी

1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर घेतलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत अपेक्षेच्या सुमारे अडीचपट, म्हणजे 15 मेगाटन ऊर्जा बाहेर पडली आणि प्रवाळाची किरणोत्सारी भुकटी एका जपानी मासेमारी नौकेवरील 23 खलाशांच्या अंगावर राखेसारखी पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झळकलेल्या इशिरो होंडा यांच्या ‘गॉडझिला’तील राक्षस अशाच चाचण्यांमुळे समुद्रातून उठतो. किरणोत्सार, म्हणजे अस्थिर अणुकेंद्रकांतून बाहेर पडणारे कण व किरण, डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. अशा भयाला पडद्यावर आणायचे तर देह द्यावाच लागतो.

मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीनेही 1966 मध्ये ‘गोगोला’ हा राक्षस पडद्यावर आणला, परंतु तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि देशात अणूविषयी धास्तीपेक्षा अभिमानच अधिक होता.

मुंबईजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या रहिवाशांना मात्र गॉडझिलापेक्षा ‘हेडोरा’ अधिक ओळखीचा वाटावा. योशिमित्सु बान्नो यांच्या 1971 च्या चित्रपटातील हा राक्षस कारखान्यांच्या गाळावर पोसतो, धुराड्यांचा धूर ओढतो, आणि खुद्द गॉडझिलाला त्याच्याशी झुंजावे लागते. मिनामातात सांडपाण्यातील पाऱ्याची विषबाधा आणि योक्काइचीत कारखान्यांच्या धुराने जडलेला दमा अनुभवलेल्या जपानचे भय तोवर अणूवरून रसायनांकडे सरकले होते. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते, आणि रासायनिक सांडपाण्यामुळे ती बदनाम झाली ती काही पटकथेतून नव्हे. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात चोरून ओतलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना मळमळ आणि श्वास घेण्याचा त्रास झाला. रात्री सुटणारा उग्र दर्प, चुरचुरणारे डोळे आणि खवखवणारा घसा यांच्या तक्रारी अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यालाही नवीन नाहीत. रसायनांचा टँकर कोठून आला, कोणाच्या नजरेआड रिता झाला, असे थेट प्रश्न जेथे विचारता येतात, तेथे राक्षस कल्पिण्याची गरज उरत नसावी.

तरीही नाकावर विसंबणे धोक्याचेच आहे. सल्फाइडयुक्त सांडपाण्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. त्याचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे 100 भागांपर्यंत चढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, आणि वास गेला म्हणजे वायूही गेला असा समज होऊन माणूस जागचा हलत नाही.