विश्लेषण : सोरायसिसवर निळीचा मलम खरेच गुणकारी?

सोरायसिस म्हटले की रामबाण उपायांचे फॉरवर्ड आलेच. त्यातले बहुतेक उपाय कुणी कधी नीट तपासलेलेच नसतात. चिनी वैद्यकातील ‘चिंग दाय’ ही निळी पूड मात्र प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरही तपासली गेली आहे. त्यातून तिचा फायदा दिसला, तसाच गंभीर धोकाही.

सोरायसिसमध्ये नेमके काय बिघडते?

हा संसर्ग नाही, त्यामुळे तो स्पर्शाने पसरत नाही. इथे आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचेत दाह निर्माण करते. एरवी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी तयार होऊन गळून पडण्यास साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे चक्र काही दिवसांतच पूर्ण होते. अर्धवट वाढलेल्या पेशी साचतात आणि कोपर, गुडघे, डोक्याच्या त्वचेवर खवलेदार चट्टे उठतात. या दाहामागे इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२३ या संदेशवाहक प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

‘चिंग दाय’ म्हणजे काय?

नीळ देणाऱ्या काही वनस्पतींची पाने पाण्यात भिजवतात. त्या पाण्यात चुना घालून ते घुसळतात आणि वर येणारा निळा फेस वाळवतात. त्याची पूड म्हणजे चिंग दाय. तिच्यात इंडिगो आणि इंडिरुबिन ही रसायने असतात.

अभ्यासात काय आढळले?

तैवानमधील चांग गुंग मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. यिन-कू लिन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर उपचारांना दाद न देणारा सोरायसिस असलेले ४२ रुग्ण त्यात होते. प्रत्येकाच्या एका चट्ट्यावर निळीचा मलम आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच चट्ट्यावर औषध नसलेला मलम १२ आठवडे लावला. निळीचा मलम लावलेला चट्टा ३१ जणांमध्ये पूर्णपणे किंवा जवळजवळ नाहीसा झाला. तरीही रुग्णसंख्या लहान होती, हे विसरता येत नाही. शिवाय हा मलम त्वचेला आणि कपड्यांना निळे डाग पाडतो.

दाह कसा कमी होतो?

इंडिरुबिन त्वचेच्या पेशींची अतिवेगाने होणारी वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. निळीतील घटक पेशींमधील ‘अ‍ॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर’ या प्रथिनाला जाऊन चिकटतात, हेही आढळले आहे. हे प्रथिन कुलूप मानले, तर निळीतील घटक त्याची एक किल्ली. ते उघडले की दाहाचे संदेश मंदावू शकतात. याच कुलपावर काम करणारे ‘टॅपिनारोफ’ हे वेगळे औषध क्रीमच्या रूपात अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले. त्यामुळे ही दिशा केवळ ऐकीव नाही.

मग ही पूड पोटात घेतली तर?

तसे स्वतःहून करू नये. जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या दाहासाठी चिंग दाय पोटात घेणाऱ्या काही रुग्णांना फुप्फुसांच्या धमन्यांतील रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार झाला. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला. वनौषधी म्हणजे निर्धोक, हा समज इथे खोटा ठरतो.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

- कपड्यांना घालायची नीळ म्हणजे चिंग दाय नव्हे. ती त्वचेवर लावू नका.
- घटक न छापलेले मलम टाळा. अशा काही ‘हर्बल’ मलमांत छुपे स्टेरॉइड सापडले आहे.
- सुरू असलेले औषध मनाने थांबवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्यास सोरायसिस भडकू शकतो.
- सांधे दुखत किंवा सुजत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. सोरायसिस सांध्यांनाही ग्रासतो आणि तिथे मलम पुरत नाही.
- कोणतीही वनौषधी घेत असाल तर त्वचारोगतज्ज्ञांपासून लपवू नका.