घरच्या बिअरचा मोठा टोप

अमेरिकेत घरी बिअर बनवणे हा अनेकांचा सुट्टीच्या दिवसाचा उद्योग आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने या छंदावरचा केंद्रीय कर उठला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरांहून थोडी अधिक बिअर बनवता येते. विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे, त्यामुळे हे सारे वाचायचे ते तिकडचा प्रकार म्हणूनच.

घरची दारू म्हटले की आपल्याला मालाडच्या मालवणीतली २०१५ ची दुर्घटना आठवते. तिथे शंभरहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलने. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. इथले धोके स्वयंपाकघरातलेच आहेत, पण लग्नाच्या आचाऱ्याच्या मापाचे: उकळते पाणी, मोठी शेगडी आणि वजन.

नवशिके सहसा ५ गॅलनने, म्हणजे १९ लिटरने सुरुवात करतात. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची; त्यातली विकरे पिठाची साखर करतात. मग गोड पाणी गाळून हॉप्ससह तासभर उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट टाकायचे. यात पाच-सहा तास जातात. ३८ लिटर केली तरी वेळ फारसा वाढत नाही, म्हणून प्रत्येकाला कधी ना कधी दुप्पट करायचा मोह होतो. मग दुकानात तीन टाक्या, दोन पंप आणि लोखंडी मांडणी असा चकचकीत संच खुणावतो. माझ्या मते बहुतेकांना त्याची गरज नसते. आधी गणित मांडावे.

३८ लिटर बिअर हाती यायची तर सुरुवातीला ४५ लिटर तरी उकळावे लागते, कारण काही वाफेत जाते आणि काही तळाच्या गाळात. ४५ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ४.२ युनिट ऊर्जा लागते. दीड किलोवॅटच्या विजेच्या शेगडीवर, काहीही वाया न जाता, पावणेतीन तास! प्रत्यक्षात भांड्यातून उष्णता निसटत राहते आणि खळखळून उकळी येतच नाही. म्हणून पहिला खर्च शेगडीवर करावा. तिकडे थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळण्यासाठी प्रोपेनच्या शेगड्या मिळतात. पंधरा किलोवॅटच्या अशा शेगडीची निम्मी उष्णता हवेत गेली तरी पाऊण तासाच्या आत उकळी फुटते.

ही शेगडी उघड्यावरच लावायची. बाहेर बर्फ असताना गॅरेजचे दार लोटून घ्यावेसे वाटते, आणि तिथेच घात होतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोके जड झाले की माणूस थकवा समजून बसून राहतो.

टोप ५५ ते ६० लिटरचा हवा, नाहीतर पहिल्या उकळीला फेस उतू जातो. स्टीलचा उत्तम, पण ॲल्युमिनियमचा स्वस्त असतो आणि लवकर तापतो. त्यावरचा मळकट थर घासून काढू नये, तो थरच धातूचे रक्षण करतो. काहीजण साडेपंधरा गॅलनचा जुना बिअरचा पिंप वरून कापून वापरतात. पिंपात दाब उरला असेल तर त्याची आतली नळी गोळीसारखी उडू शकते. शिवाय अनामत रक्कम भरून आणलेला पिंप कंपनीचाच असतो, आपला नव्हे.

धान्य भिजवायला सहलीला नेतात तो दहा गॅलनचा पाण्याचा कूलर पुरतो. जाड भिंतींमुळे तासाभरात तापमान एखाद-दोन अंशच उतरते, वेगळी शेगडी लागत नाही. ऑस्ट्रेलियात रुळलेली पिशवीची पद्धत याहून सोपी: चक्का टांगतो तसे धान्य कापडात बांधून टोपातच भिजवायचे आणि वर उचलायचे. लहान घाण्याला ती झकास. पण ३८ लिटरसाठी सुमारे ९ किलो धान्य लागते आणि ते जवळपास तितकेच पाणी धरून ठेवते. १८ किलोचे गरम, ठिबकणारे गाठोडे डोक्याच्या उंचीवर धरायला कप्पी हवी. त्यापेक्षा पिशवी कूलरच्या आत अंथरावी आणि खालच्या तोटीने रस काढून घ्यावा. टोपालाही तोटी बसवून घ्यावी. ४५ किलोचा उकळता टोप दोघांनीही उचलू नये.

खरी अडचण थंड करताना येते. आकारमान दुप्पट केले की पृष्ठभाग साधारण १.६ पटच वाढतो, त्यामुळे मोठा टोप आपोआप निवायला फार वेळ घेतो आणि कोमट गोड पाण्यात नको ते जंतू आधी शिरतात. तांब्याच्या नळीचे वेटोळे टोपात बुडवून त्यातून नळाचे थंड पाणी सोडणे हा जुना, स्वस्त उपाय. वेटोळे लांब घ्यावे आणि रस हलवत राहावे. काहीजण गरम रस कॅनमध्ये भरून तसाच निवू देतात. तो दिवसेंदिवस ठेवणे धोक्याचे: यीस्ट पडण्यापूर्वी त्याची आम्लता कमी असते आणि बंद डब्यात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. निवला की लगेच यीस्ट टाकावे.

आंबवायला पन्नास लिटरचे एक पिंप घेण्यापेक्षा झाकणाच्या दोन बादल्या बऱ्या. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडते आणि मोठ्या पिंपात ती अडकून बिअरची चव बिघडते. वीस-बावीस किलोची बादली एका माणसाला सरकवता येते, आणि एकीत आंबूस वास आला तरी दुसरी वाचते.