तेल घरात, घाण ओढ्यात

पामतेल म्हटले, की आपल्याला रेशनवर मिळणारे फिकट पामोलिन आठवते. पश्चिम आफ्रिका हे या झाडाचे माहेर. तेथे, दक्षिण नायजेरियाच्या खेड्यांत, हे तेल लालभडक असते आणि त्याच्यावाचून तेथील कालवण होत नाही. देशातले बहुतेक पामतेल मोठ्या कारखान्यांतून नव्हे, तर गावोगावच्या छोट्या घाण्यांतून येते.

घाण्यावरचे काम कष्टाचे, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा. पत्र्याच्या पिंपात फळे उकळायची, कुटायची, पिळायची, मग रसात पाणी घालून पुन्हा उकळायचे आणि वर आलेले तेल काढून घ्यायचे. एक टन तेलाला साधारण ५ ते ७.५ टन पाणी लागते. त्यातले निम्म्याहून अधिक आंबट, तेलकट, तपकिरी गाळ होऊन बाहेर पडते. पाण्याच्या सोयीसाठी घाणा ओढ्याकाठी असेल, तर गाळही ओढ्यातच जातो.

या गाळात कोणतेही रसायन मिसळलेले नसते. फळाचाच तर रस, त्याने काय बिघडणार, असे कुणालाही वाटावे. घोटाळा नेमका इथेच आहे. हा रस कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. असा एक लिटर गाळ कुजायला सुमारे २५,००० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. शहरातल्या गटाराच्या पाण्याला दोन-तीनशे मिलिग्रॅम पुरतो. आणि स्वच्छ ओढ्याच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम! म्हणजे दहा लिटरची एक बादली गाळ सुमारे तीस हजार लिटर पाण्यातला, दहा हजारी तीन टँकरांमधला, प्राणवायू संपवू शकते. वर तेलाचा तवंग पसरला, की हवाही आत शिरत नाही. मासे तडफडून मरतात, पाण्याला दुर्गंधी सुटते. त्यातून फळांचा मुख्य हंगाम साधारणपणे कोरड्या दिवसांच्या अखेरीस सुरू होतो. तेव्हा ओढे आधीच आटलेले असतात.

घाण्यावर राबणाऱ्या बाईलाच संध्याकाळी घरासाठी पाणी भरायचे असते. तिला घाणा बंद करा म्हणणे सोपे आहे. पण मुलांच्या फीचे पैसे कुठून यायचे?

मलेशियाने १९७८ पासून कायदा कडक करत कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी ही प्राणवायूची मर्यादा ५,००० वरून १९८४ पर्यंत १०० मिलिग्रॅमवर आणली. तेथे परवाना घेणारे मोठे कारखाने होते, तळ्यांसाठी जागा होती. झाडाखालच्या घाण्याला असला कायदा लावणार कसा?

त्याला परवडेल तो साधा खड्डा. ओढ्यापासून आणि विहिरीपासून दूर, आतून गिलावा केलेला, नाहीतर घाण जमिनीत झिरपायची. गाळ निवला, की वर येणारे तेल साबणासाठी विकता येते. उरलेला मात्र तसाच शेतात ओतू नये, गवतसुद्धा जळते. फळे काढून घेतलेल्या रिकाम्या घडांबरोबर तो काही आठवडे कुजू दिला, की त्याचे खत होते.